विश्लेषण : जपानमध्ये परका गेम कन्सोल का रुजत नाही? डहाणूच्या चिकूने त्यातून काय घ्यावे?

तलासरी आणि डहाणू तालुक्यांच्या शिवारात बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत आहेत. मुंबई ते अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गाचे तंत्रज्ञान जपानी आहे आणि खर्चाचा मोठा वाटा जपानच्याच कर्जातून येतो. त्या कर्जाचे व्याज ०.१ टक्का आणि परतफेडीची मुदत ५० वर्षे. म्हणजे आपली रेल्वे परक्या देशात विकण्यासाठी जपानने रेल्वेसोबत पैसा, प्रशिक्षण आणि अर्धशतकाचा धीर देऊ केला.

हाच प्रश्न उलटा विचारला तर? बाहेरच्या माणसाने जपानमध्ये जाऊन आपला माल कसा विकायचा? डहाणू, आगर, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात चिकूच्या बागा आहेत, आतल्या पाड्यांवर वारली चित्रकार आहेत. ‘निर्यात करा’ हा सल्ला दोघांनाही प्रत्येक मेळाव्यात मिळतो. निर्यात करायची कशी, ते मात्र कोणी सांगत नाही. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण शेती किंवा कलेतले नाही, ते आहे व्हिडिओ गेमच्या धंद्यातले. जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक असलेली मायक्रोसॉफ्ट २००२ पासून जपानमध्ये आपला एक्सबॉक्स विकू पाहते आहे. चार पिढ्यांची यंत्रे आली, पण पाय काही रोवला गेला नाही.

एक्सबॉक्सचे जपानमध्ये नेमके काय झाले?

आकडे पुरेसे बोलके आहेत.

• पहिला एक्सबॉक्स (२००२) : जपानमध्ये पाच लाखांच्या आत विक्री. त्याच पिढीतील सोनीचा प्लेस्टेशन २ दोन कोटींहून जास्त.

• एक्सबॉक्स ३६० (२००५) : सुमारे १६ लाख. समोरचा प्लेस्टेशन ३ सुमारे एक कोटी, तर निन्टेन्डोचा वी त्याहून पुढे.

• एक्सबॉक्स वन (२०१४) : सव्वा लाखाच्या आत. समोरचा प्लेस्टेशन ४ मात्र ९० लाखांच्या पुढे.

• एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एस (२०२०) : आधीच्या पिढीपेक्षा कितीतरी बरी विक्री, तरीही काही लाखांपुरती. निन्टेन्डो स्विचने याच देशात साडेतीन कोटींचा टप्पा ओलांडला.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हीच यंत्रे कोट्यवधींनी विकली गेली. म्हणजे यंत्र टाकाऊ होते, असे म्हणता येत नाही. तरीही एकाच देशात चारही वेळा तोच निकाल लागला, तर त्याला नशीब म्हणून सोडून देता येत नाही.

यात एक्सबॉक्स एकटा नाही. अमेरिकेत घराघरांत पोहोचलेल्या अटारीने १९८३ मध्ये आपला कन्सोल जपानसाठी ‘अटारी २८००’ या नावाने आणला. त्याच वर्षी १५ जुलैला निन्टेन्डोचा फॅमिकॉम १४,८०० येनला बाजारात आला आणि अटारीचे नाव तिथे उरले नाही.

पहिल्याच पावलाला ठेच का लागली?

२२ फेब्रुवारी २००२ रोजी टोकियोतील शिबुया भागात एक्सबॉक्सची विक्री सुरू झाली. बिल गेट्स स्वतः हजर होते. किंमत ३४,८०० येन. त्या वेळी प्लेस्टेशन २ दुकानात २९,८०० येनला मिळत होता, त्यावर डीव्हीडीही चालत असे आणि त्याच्या गेमची रांग तयार होती. नवख्याने प्रस्थापितापेक्षा महाग माल आणला. तीन महिन्यांत किंमत २४,८०० येनपर्यंत खाली आणावी लागली.

त्यातच काही ग्राहकांनी तक्रार केली, की यंत्रात घातलेल्या डिस्कवर ओरखडे पडतात. कंपनीने दुरुस्तीची तयारी दाखवली, पण तोवर बातमी सगळीकडे पोहोचली होती. ज्या देशात वेष्टणाच्या कोपऱ्याला पडलेली दुमडही ग्राहकाला खटकते, तिथे पहिल्याच आठवड्यातला डाग पुसायला वर्षे लागतात.

दुसरी अडचण आकाराची. मूळ एक्सबॉक्स हे अवजड खोके होते आणि त्याचा कंट्रोलर इतका मोठा, की बऱ्याच जणांच्या हातात तो मावत नसे. मायक्रोसॉफ्टने हे वेळीच ओळखले आणि जपानसाठी वेगळा, लहान कंट्रोलर बनवला. त्याचे अंतर्गत नाव होते ‘अकेबोनो’. अकेबोनो हा हवाईत जन्मलेला सुमो मल्ल. १९९३ मध्ये तो सुमोमधील सर्वोच्च ‘योकोझुना’ पदावर पोहोचणारा पहिला परदेशी ठरला. कंपनीची आकांक्षा त्या नावातच होती. पुढे हाच लहान कंट्रोलर इतर देशांतही इतका आवडला, की मोठा मागे पडला आणि लहान तोच नेहमीचा झाला.

ही बाब नीट लक्षात घ्यायला हवी. जपानी ग्राहकासाठी केलेली सुधारणा जगभरच्या ग्राहकांच्या कामी आली. जपानने मात्र त्या सुधारणेचे बक्षीस कंपनीला दिले नाही, कारण हातातली वस्तू बरोबर झाली तरी पडद्यावरचा खेळ अजून परकाच होता.

पैसा ओतूनही गाडी रुळावर का आली नाही?

कन्सोल कोणी कन्सोलसाठी घेत नाही, गेमसाठी घेतो. जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि ‘फायनल फँटसी’ या मालिकांचे स्थान काय आहे, ते एका गोष्टीवरून कळते. १० फेब्रुवारी १९८८ रोजी, म्हणजे बुधवारी, ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ बाजारात आला आणि शाळा बुडवून मुले दुकानांपुढे रांगेत उभी राहिली. त्यानंतर या मालिकेचे भाग सुट्टीच्या दिवशी आणण्याची पद्धत पडली. अशा देशात बंदुकीच्या नेमबाजीचे आणि अमेरिकी फुटबॉलचे गेम घेऊन गेलेल्या पाहुण्याचे स्वागत जेमतेमच होणार.

मायक्रोसॉफ्टने हेही ओळखले. एक्सबॉक्स ३६० च्या वेळी कंपनीने ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची यांच्या मिस्टवॉकर या स्टुडिओशी हातमिळवणी केली. डिसेंबर २००६ मध्ये ‘ब्लू ड्रॅगन’ आला. पात्रांची चित्रे ‘ड्रॅगन बॉल’चे अकिरा तोरियामा यांची, संगीत नोबुओ उएमात्सू यांचे. जपानी गेमविश्वातली याहून मोठी नावे सापडणे कठीण. पुढच्या वर्षी ‘लॉस्ट ओडिसी’ आला. २००८ मध्ये ‘टेल्स ऑफ व्हेस्पेरिया’ आला, तेव्हा तर दुकानांतली यंत्रे संपली. प्रत्येक वेळी विक्री उसळली आणि काही आठवड्यांत पुन्हा खाली आली.

कारण सोपे आहे. एका पावसाने विहीर भरत नाही. गेम बनवणाऱ्या कंपन्या आधी विचारतात, हे यंत्र किती घरांत आहे? ग्राहक आधी विचारतो, या यंत्रावर किती गेम आहेत? दोन्ही उत्तरे एकमेकांवर अवलंबून असतात. हे चक्र सुलटे फिरू लागले की थांबत नाही. उलटे फिरू लागले, तर पैशाच्या धक्क्याने ते क्षणभर थांबते आणि पुन्हा उलटेच फिरते. प्लेस्टेशनच्या मागे शेकडो लहानमोठे जपानी स्टुडिओ उभे होते, एक्सबॉक्सच्या मागे विकत घेतलेली चार मोठी नावे. गाव करी ते राव न करी, ते असे.

त्यानंतर कंपनीने स्वतःच हात आखडता घेतला. एक्सबॉक्स वन अमेरिकेत २२ नोव्हेंबर २०१३ रोजी आला, जपानमध्ये ४ सप्टेंबर २०१४ रोजी. पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची मालक कंपनी घेतली, तेव्हा तिच्यासोबत टोकियोचा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओही ताब्यात आला. या स्टुडिओच्या २०२३ मधील ‘हाय-फाय रश’चे जगभर कौतुक झाले. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने तो आपल्याकडे घेतला म्हणून वाचला. हिशेबाच्या वहीत हा निर्णय बरोबर असेलही. पण ‘आम्ही इथे राहायला आलो आहोत’ हे जपानी भागीदारांना पटवायचे असेल, तर नावाजलेल्या जपानी स्टुडिओला कुलूप लावण्याइतका वाईट निरोप दुसरा नाही.

लहान घर, लांबचा प्रवास

जपानच्या शहरांत घरे लहान, दिवाणखान्यातला टीव्ही सगळ्या कुटुंबाचा आणि रोजचा बराच वेळ लोकल गाडीत. विरार-डहाणू लोकलने रोज ये-जा करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. अशा जगण्यात गेम खिशात असावा लागतो. निन्टेन्डो डीएस हे हातातले यंत्र एकट्या जपानमध्ये तीन कोटींहून जास्त विकले गेले. सोनीच्या पीएसपीवर ‘मॉन्स्टर हंटर’ खेळण्यासाठी मित्र-मित्र एकत्र जमत. निन्टेन्डो स्विच टीव्हीलाही जोडता येतो आणि उचलून गाडीतही नेता येतो. त्याच्या यशाचे निम्मे रहस्य तिथेच आहे.

या सगळ्या काळात एक्सबॉक्स टीव्हीखालीच बसून राहिला. त्याच्या नावाने हातात धरायचे यंत्र आले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, तेही तैवानच्या असूस कंपनीने बनवलेले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक जपानमध्ये पोहोचला होता. व्हॉल्व्हने तिथे स्वतःचे दुकान थाटले नाही. कोमोडो या कंपनीमार्फत ते विकले गेले.

दरम्यान घरच्या कंपन्यांनी भिंत आणखी उंच केली आहे. येन घसरल्यामुळे आयात माल महागला. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ची फक्त जपानी भाषेत चालणारी आवृत्ती निन्टेन्डोने ४९,९८० येनला ठेवली आणि अनेक भाषांत चालणारी ६९,९८० येनला. सोनीनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये फक्त जपानी भाषेचा, स्वस्त प्लेस्टेशन ५ आणला. स्वतःच्या ग्राहकासाठी कमी नफ्यावर विकायची तयारी असलेल्या यजमानासमोर पाहुण्याला केवळ किमतीवर लढता येणार नाही.

जपानी ग्राहक परक्या मालावर फुलीच मारतो का?

एक्सबॉक्सच्या अपयशावर ठरलेले स्पष्टीकरण असे, की जपानी माणूस स्वदेशीचा कट्टर अभिमानी, त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण खोटे आहे. आयफोन ते खोटे ठरवतो.

जुलै २००८ मध्ये सॉफ्टबँक या कंपनीने आयफोन जपानमध्ये आणला, तेव्हा तिथल्या साध्या फोनवरही टीव्ही दिसत असे आणि दुकानात पैसे देता येत. परक्या फोनचे इथे काय काम, असे अनेकांना वाटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपलने जपानी ग्राहकांसाठी इमोजीची सोय केली, कारण तिथे इमोजीशिवाय निरोप पुरा होत नसे. आज पालघरच्या आजीबाईही नातवाला पाठवतात ती हसरी-रडवी चित्रे जगभरच्या फोनवर पोहोचली, त्यामागे जपानी ग्राहकाचा हट्ट आहे. २०११ मध्ये केडीडीआय आणि २०१३ मध्ये डोकोमो या कंपन्याही आयफोन विकू लागल्या. २०१६ मध्ये जपानच्या आयफोन ७ मध्ये फेलिका ही तिथली चिप बसवली गेली आणि रेल्वेचे सुइका कार्ड फोनमध्ये आले. गेटवर फोन टेकवला की प्रवास सुरू.

या आठ वर्षांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी स्थानिक विक्रेता, मग भाषा आणि सवयी, मग बाकीचे विक्रेते, शेवटी रोजच्या रेल्वे प्रवासाशी नाते. ॲपलने जपानला बदलायला सांगितले नाही, जपानच्या रोजच्या दिवसात स्वतःची जागा शोधली. एक्सबॉक्सकडे पैसा तितकाच होता. त्याला हा क्रम जमला नाही.

याच सूत्राचा आरसा भारतातही दिसतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून जे यंत्र घरोघरी आले, त्यातले बहुतेक फॅमिकॉमची नक्कल होते. मारिओ आणि काँट्रा मराठी मुलांना पाठ झाले ते स्वस्त यंत्र आणि भाड्याने मिळणाऱ्या कॅसेटमुळे. पुढे सोनीला भारतात प्लेस्टेशन २ विकायचा होता, तेव्हा तिने इथल्या स्टुडिओंकडून गेम बनवून घेतले. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा २०१० चा गेम त्यातलाच. मायक्रोसॉफ्टने जपानमध्ये साकागुचींकडे जायचे आणि सोनीने भारतात गल्ली क्रिकेटकडे वळायचे, यामागचा विचार एकच.

उलट दिशेनेही वाट गेली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ नावाचा, भारतीय पुराणकथांवर बेतलेला गेम बनवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर आला. पुण्याच्या चमूने स्वतःचा कन्सोल काढला नाही. जपानी कंपनीच्या तयार ओट्यावर आपला माल मांडला.

हापूसला वीस वर्षे का लागली?

महाराष्ट्राला जपानी दाराचा सर्वांत मोठा अनुभव आहे तो आंब्याचा. फळमाशीच्या भीतीने १९८६ मध्ये जपानने भारतीय आंबा बंद केला. तो पुन्हा सुरू झाला २००६ मध्ये. मधल्या वीस वर्षांत हापूसची चव बदललेली नव्हती. बदलली ती प्रक्रिया. आंब्याच्या गाभ्याचे तापमान उष्ण वाफेने ४७.५ अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचे आणि ते २० मिनिटे टिकवायचे. त्यात माशीची अंडी मरतात, फळ मात्र शिजत नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाने वाशीत अशी सोय उभारली. जपानचे निरीक्षक येऊन ही प्रक्रिया डोळ्यांनी पाहत.

अमेरिकेचे दार २००७ मध्ये उघडले, पण त्याची किल्ली वेगळी होती. तिथे वाफ चालत नव्हती, लासलगावच्या केंद्रात विकिरण करावे लागले. म्हणजे ‘निर्यातक्षम माल’ अशी सरसकट वस्तू नसतेच. प्रत्येक देशाची, प्रत्येक फळाची परीक्षा वेगळी.

जपानची आणखी एक चाळणी आहे. मे २००६ पासून तिथे ज्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला ०.०१ पीपीएम ही सरसकट मर्यादा लागू होते. म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम. २०१२ मध्ये भारतीय कोळंबी याच आकड्यावर अडली. खाद्यातून आलेल्या एथॉक्सिक्विन या रसायनाचा अंश तिच्यात सापडला होता. तळ्यावरच्या शेतकऱ्याने ते रसायन हाताने घातलेले नव्हते, पण अडवला गेला त्याचाच माल.

वारलीसाठी दार कसे उघडले?

डहाणूकडे याहून वेगळा, घरचाच दाखला आहे. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकातली वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. जपानच्या निगाता प्रांतात तोकामाची या बर्फाळ भागात मिथिला म्युझियम आहे. तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये, एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत ते सुरू केले. मधुबनीसोबत वारली चित्रांचाही मोठा संग्रह तिथे आहे आणि भारतीय कलाकारांना तिथे बोलावून, ठेवून घेऊन काम करू दिले गेले. गेल्या दशकात जपानी कलाकार डहाणूच्या गंजाडमध्ये येऊन शाळेच्या भिंती रंगवून गेले आणि तिथल्या तरुण वारली चित्रकारांचा जपानशी संबंध जुळला.

या साखळीत जाहिरात नाही, सवलतीची योजना नाही. एक माणूस तिथे चाळीस वर्षे या कलेचे घर सांभाळतो आणि दोन्ही गावांची माणसे एकमेकांकडे राहायला जातात. एक्सबॉक्सला पैशाने मिळाले नाही ते वारलीला नात्याने मिळाले. मात्र यातली कमतरताही सांगायला हवी. नाव झाले, बाजार झाला नाही. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कारखान्यात छापलेल्या ‘वारली प्रिंट’च्या उशा आणि कुर्ते विकले जातात आणि पाड्यावरच्या चित्रकाराला त्यातला रुपयाही मिळत नाही.

मग परक्या कन्सोलने काय करावे?

वरच्या सगळ्या उदाहरणांतून पाच गोष्टी हाती लागतात.

एक, यशाची व्याख्या आधी ठरवावी. निन्टेन्डोला त्याच्या अंगणात हरवणे हे उद्दिष्ट असेल, तर हार ठरलेली आहे. जपानी स्टुडिओंचे गेम आपल्या यंत्रावर आणि आपल्या सेवेवर यावेत, हे उद्दिष्ट असेल तर ते गाठता येते आणि त्याचा फायदा जगभर मिळतो.

दोन, यंत्र हातात मावणारे, गाडीत नेता येणारे असावे.

तीन, मोठ्या नावांवर एकदाच पैसा उधळण्यापेक्षा लहान स्टुडिओंना दरवर्षी, न चुकता काम द्यावे. चक्र सुलटे फिरायला तेवढाच मार्ग आहे.

चार, विक्री, दुरुस्ती आणि तक्रार हे सगळे जपानी भाषेत, जपानी भागीदाराच्या हातून व्हावे आणि यंत्र इतर देशांसोबत त्याच दिवशी यावे.

पाच, तिमाही ताळेबंद वाईट आला म्हणून गाशा गुंडाळू नये. आयफोनला आठ वर्षे लागली, आंब्याला वीस.

मायक्रोसॉफ्टने यातल्या बहुतेक गोष्टी कधी ना कधी केल्या. सगळ्या एकाच वेळी आणि पुरेसा काळ कधीच केल्या नाहीत.

डहाणू-तलासरीने यातून काय घ्यावे?

डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये हा चिकू ब्रिटनला रवाना झाला, त्याची बातमीही झाली. त्या बातमीतला एक तपशील मात्र फारसा कोणी वाचला नाही. माल पालघर जिल्ह्यातला, पण त्याची प्रतवारी आणि बांधणी झाली गुजरातमधल्या तापी जिल्ह्यातल्या पॅकहाऊसमध्ये. नाव डहाणूचे आणि निर्यातीचे खरे काम सीमेपलीकडे, ही अवस्था अभिमानाची नाही.

कालीपत्ती चिकू पिकला की जेमतेम काही दिवस टिकतो. बी पोखरणाऱ्या अळीने बागायतदार आधीच हैराण आहेत. अशा स्थितीत ताजा चिकू थेट जपानला पाठवण्याची घोषणा म्हणजे ३४,८०० येनचा एक्सबॉक्स. समारंभ होईल, छायाचित्रे निघतील आणि तीन महिन्यांत किंमत उतरवावी लागेल. त्याऐवजी चिकूचे काप आणि भुकटी हा माल हातात मावणारा आहे. तो टिकतो, हलका आहे आणि फळमाशीचा प्रश्न त्यात उरत नाही. अवशेषांची चाळणी मात्र उरतेच.

म्हणून मागणी करायची तर ती जिल्ह्यातच पॅकहाऊस आणि अवशेष तपासणीची प्रयोगशाळा उभारण्याची करायला हवी. कोणत्या बागेत कोणत्या दिवशी काय फवारले, याची नोंद मोबाइलवर ठेवायला आज खर्च येत नाही. शंभर टनांत एक ग्रॅमची परीक्षा बागेतच सुरू होते, बंदरावर ती फक्त उघड होते. आणि जो माल जपानच्या चाळणीतून जाईल, त्याला दुबई किंवा लंडनमध्ये अडवणारे फारसे कोणी नसेल. जपानमध्ये शंभर किलोच विकले गेले, तरी त्या तयारीचा फायदा बाकीच्या सगळ्या मालाला मिळेल. लहान कंट्रोलरने हेच दाखवले आहे.

वारलीच्या बाबतीत काम आणखी सरळ आहे. नाते आहे, नाव आहे. हवा आहे तो चित्रकाराच्या नावानिशी, मानांकनाच्या शिक्क्यासह विकण्याचा एक कायमचा ओटा आणि जपानी भाषेत पत्रव्यवहार करू शकणारी चार स्थानिक मुले. टोकियोच्या एदोगावा भागात २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले. भाषा शिकून, शेजाऱ्यांत मिसळून परका माणूस तिथे लोकांचा प्रतिनिधी होऊ शकतो. मग डहाणूचे चित्र आणि डहाणूचे फळ तिथल्या दुकानात का पोहोचू नये?

बुलेट ट्रेनसाठी तलासरी-डहाणूच्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, काहींनी विरोधानंतर आणि नाइलाजाने दिल्या. जपानने इथे येताना ५० वर्षांचा हिशेब मांडला होता. जिल्हा प्रशासन, पणन मंडळ आणि बागायतदारांचा संघ यांनी उलट दिशेच्या प्रवासासाठी निदान दहा वर्षांचा आराखडा मांडावा आणि त्यातले पहिले काम, जिल्ह्यातले पॅकहाऊस, पुढच्या हंगामाआधी हाती घ्यावे.